गौराबाईचा बिनमुहूर्ताचा मांडव

कडावला गेल्या श्रावणात एका अस्वलाचं लग्न लागायला घेतलं आणि ते तीन महिने लागत राहिलं, ही बातमी तुमच्यापर्यंत आली असेलच. आली नसेल तर दोष माझा. कर्जत-मुरबाड गाडीवर मी तीस वर्षं कंडक्टर होतो, आणि तिकिटं फाडता फाडता कडावची गोष्ट कशेळ्याला आणि कशेळ्याची कर्जतला पोचवण्याचं काम वरिष्ठांनी न सांगताच अंगावर घेतलं होतं. निवृत्त झालो तो फक्त तिकिटांपुरता.

अस्वल आमच्याकडचं. पेट्रोलपंपावर कसल्याशा योजनेत फुकट मिळालेलं, एक डोळा घरी येईपर्यंतच पडलेला. नवरी कापडाची, शेजारच्या गौराबाईकडची. पण हे स्थळ कसं जुळलं ते कळायला आधी गौराबाई कळली पाहिजे.

गौराबाई माझ्या चुलतभावाची बायको. ती आणि मी एकाच वयाचे, त्यामुळे नातं दीर-भावजयीचं आणि भांडण एका बाकावरच्या पोरांचं. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. मागे तिचा मुलगा राजेश, दुधाचा टेंपो चालवणारा, भांडणात पडायला नको म्हणून पहाटेच घराबाहेर जाणारा, सून सुरेखा, कॉलेजात जाणारी नात हर्षला, आणि खालापूरला दिलेली मुलगी नम्रता, जी आईवर गेलेली आहे, यापेक्षा जास्त मी काही बोलत नाही.

गौराबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं होतात, हल्ली तर भिंती हलवणारा डीजेही येतो. पण मांडव उभा राहिला की हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला म्हणावाच लागतो, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. धवल्यात आधी देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग नवऱ्याच्या आजीपासून करवलीपर्यंत सगळ्यांना. चाल ठरलेली, नावांच्या जागा रिकाम्या. ज्यांचं लग्न त्यांची नावं तिथे बसवायची. गौराबाईचा आवाज गोड होता असं कुणी सांगितलं तर समजा त्याने तो ऐकलेला नाही. भाताच्या गिरणीचा पट्टा फिरतो तसा एकसुरी आवाज, पण पाच तास न तुटणारा. त्या आवाजापुढे वरबाप चिडीचूप बसायचे. एका लग्नात नवरीच्या मामाने उंबराच्या फांदीची पूजा व्हायच्या आत नवरीला हळद लावली, तेव्हा हिने सगळी हळद धुवायला लावून पहिल्यापासून विधी करवले. तो मामा पुढे सरपंच झाला, पण आजही गौराबाई दिसली की हात मागे घेतो.

तिला हे शिकवलं तिच्या सासूने, चिमाबाईने, आणि शिकवताना एक अट घातली होती. मांडव असेल तरच धवला. शेतात नाही, जात्यावर नाही, चुलीपाशी गुणगुणायचंसुद्धा नाही. कारण साधं होतं. धवल्यात देवांना बोलावणं असतं. ते बिचारे आले आणि मांडवच नसला तर बसणार कुठे. गौराबाईने ही अट पंचेचाळीस वर्षं पाळली. दुसरं गाणं ती म्हणतच नसे. आरतीला टाळ्या वाजवायची, बाकीच्यांचं चुकलं की त्यांच्याकडे बघायची.

आता त्या दिवसाचं. भाताच्या लावणीचे दिवस, सकाळची वेळ. गौराबाईला साखरेचा त्रास, रक्तदाबाचाही. सुरेखाने चहात साखर घातली नाही. गौराबाईने कप ओट्यावर आपटला आणि अर्धा तास सुनेच्या माहेरचा उद्धार केला. सुरेखाही काही मुकी नव्हे. तिनेही दोन शब्द ऐकवले. मी माझ्या ओट्यावर दात घासत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी दात जरा जास्तच वेळ घासले. त्यानंतर तासाभरात गौराबाई परसात पडली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. सुरेखाने एकटीने तिला उचलून ओटीवर आणलं, राजेशचा टेंपो बोलावला, आणि दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसून ती सासूला घेऊन दवाखान्यात गेली.

आणि मी काय केलं? स्टँडवर गेलो. चहा-साखरेचं भांडण आणि पाठोपाठ झालेला झटका, दोन्ही एका श्वासात सांगितलं. मी फक्त क्रम सांगितला होता. ऐकणाऱ्यांनी त्यातून कारण काढलं. दुपारी ते कर्जतला पोचलं, संध्याकाळी खालापूरला, आणि नम्रताला आईचं दुखणं भावाच्या फोनआधी एका प्रवाशाकडून कळलं, तेही असं, की सुनेने छळलं म्हणून म्हातारी पडली.

दहा दिवसांनी गौराबाई घरी आली. काठी घेऊन चालायला लागली, डाव्या हाताने जेवायला लागली, पण बोलणं गेलं. पुरतं नव्हे. एक शब्द राहिला होता: मेल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं, तर म्हणाली, मेल्या. पाणी हवं तर मेल्या, नको तरी मेल्या. भेटायला आलेल्या भटजीला मेल्या. मी समोर गेलो तेव्हा तिने तो शब्द इतक्या आपुलकीने म्हटला की मला वाटलं हिला काही झालेलंच नाही.

पण सुरेखा चहा घेऊन पुढे आली की तिलाही तेच, आणि वर डोळ्यांत पाणी. बायकांनी ते पाहिलं. मग काय, साक्षीपुरावा झाला. म्हातारी सुनेला शिव्या देते, म्हणजे दोष सुनेचाच. डॉक्टरांनी विचारलं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने चालू होत्या का. सुरेखा म्हणाली, रोज सकाळी मी स्वतः हातावर ठेवायची. मग डॉक्टर म्हणाले, असं असूनही दाब एवढा कसा चढला, काही ताण होता का. ताण हा शब्द नम्रताने पदराला गाठ मारून ठेवला. दर रविवारी ती खालापूरहून स्कूटरवर यायची, आईसाठी डबा घेऊन आणि स्वतःसाठी पाण्याची बाटली घेऊन. भावाच्या घरात तिने पाण्याचा थेंब घ्यायचा सोडला. दिवाळीपर्यंत बघते, म्हणाली, नाहीतर आईला घेऊन जाते, इथे तिला कोण ठार करणार त्याची वाट बघत बसू काय. सुरेखाची बाजू सांगू शकेल असं एकच माणूस घरात होतं, आणि त्याच्याकडे एकच शब्द उरला होता.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. गौराबाईची एक निळी कापडी पिशवी होती, लग्नाला जाताना खांद्याला लावायची. आत हळदीचं डबडं, सुपाऱ्या, तांदूळ, आणि आणखी काय ते तिलाच ठाऊक, कारण धवलारणीच्या पिशवीत दुसऱ्याने हात घालायचा नाही. दुखण्यानंतर गौराबाई सारखी खुंटीकडे बोट दाखवायची, पिशवी मांडीवर घ्यायची, डाव्या हाताने गाठ सोडायची खटपट करायची, ती सुटली नाही की पिशवी सुरेखाकडे ढकलायची. सुरेखाला वाटे, लग्नाची आठवण येते. ती पिशवी कपाळाला लावायची आणि भक्तिभावाने परत खुंटीला टांगायची. गौराबाई कपाळावर हात मारून म्हणायची, मेल्या.

बोलणं शिकवायला दवाखान्याने एक मुलगी पाठवली. विनिता तिचं नाव, शेलूच्या नव्या इमारतीत राहणारी, आठवड्यातून दोनदा रेनकोट घालून स्कूटीवर येणारी. गौराबाईने तिला पहिल्याच दिवशी मेल्या म्हटलं आणि तिने हसून वहीत लिहून घेतलं, म्हणून मला ती आवडली. तिने आम्हाला सगळ्यांना ओटीवर बसवून समजावलं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या डोक्यात डाव्या बाजूला चालतं, आणि गुठळी नेमकी तिथेच अडकली. आजीला कळतं सगळं, मनात वाक्यही असतं, ते तोंडापर्यंत येत नाही. शिव्या, मोजणी, असलं सवयीचं बोलणं आपोआप निघतं, म्हणून तो एक शब्द राहिला. तो रागाने येतो असं समजू नका. सुरेखाने हे ऐकून मान खाली घातली. मग विनिता म्हणाली की चाल आणि सूर काही एकाच जागी नसतात, उजवी बाजूही त्यात असते. म्हणून बोलता न येणारी माणसं कधी कधी अख्खं गाणं शब्दांसकट गातात, आणि त्या गाण्याला धरून थोडं थोडं बोलणंही परत आणता येतं. सगळ्यांचं येतं असं नाही, पण सुरुवातीच्या महिन्यांत जोर लावावा लागतो.

मी म्हटलं, म्हणजे कशेळ्याचा रस्ता खचला की जीपवाले आतल्या वाडीवाडीतून गाडी काढतात, तसं. विनिता म्हणाली, काका, तसंच. पुढे दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटना ती हीच जीप सांगायला लागली असं ऐकतो. माझं नाव घेते की नाही ते कळलं नाही.

आता एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं. धवलारीणच ती, गाण्याला काय तोटा. विनितालाही तसंच वाटलं. तिने मोबाइलवर आरत्या लावल्या, जुनी गाणी लावली. गौराबाई बोटाने ठेका धरायची, तोंड उघडायची नाही. मग कुठूनतरी कुणाच्या लग्नातला धवला मिळवून लावला. गौराबाईने ओठ घट्ट मिटले, मान जोरजोरात हलवली आणि डाव्या हाताने मोबाइल पालथा घातला. असं तीन वेळा झाल्यावर विनिताने वहीत लिहिलं की बहुधा गाणंही गेलं. राजेश त्या दिवशी टेंपोत जाऊन बसला आणि गाडी सुरू न करता तासभर बसून राहिला.

सुरेखा भांडी घासत होती. तिथूनच तिने विनिताला विचारलं, ताई, तुमी तिला मांडवात बसवलं का? विनिताला काही कळेना. तेव्हा सुरेखाने चिमाबाईची अट सांगितली. वीस वर्षं या घरात हाय, म्हणाली, पण आईला चुलीपाशी धवला म्हणताना एकदाबी ऐकली नाय. तुमी मांडवाशिवाय मागाल आन ती देईल, असं व्हायचं नाय. तिचं गेलं नसंल, ती देत नसंल.

विनिता म्हणाली, मग एखाद्या लग्नाला घेऊन जाऊ. श्रावणात लग्न? तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाही, आणि तोवर जोर लावायचे महिने संपलेले. सुरेखाने हात पुसले, आत गेली आणि ट्रंकेतून एक कापडी बाहुली घेऊन आली. हर्षला लहान असताना गौराबाईनेच शिवलेली, नाकात मण्याची नथ. बाहुलीच्या लग्नाला मुहूर्त कोण बघतं, एवढंच म्हणाली. नवरा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र तिने माझ्याकडे बघत विचारला. अशा रीतीने मी सत्तराव्या वर्षी एका अस्वलाचा वरबाप झालो.

परवानगी कुणाची घ्यायची यावर बराच खल झाला. आमच्याकडे मांडवाच्या बाबतीत शेवटचा शब्द धवलारणीचा. म्हणून गौराबाईलाच विचारलं: वयनी, पोरगी देताय का आमच्या अस्वलाला? तिने आधी नवरीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पडलेल्या डोळ्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, मेल्या. राजेश म्हणाला, नाही म्हणते. मी म्हटलं, हो म्हणते. सुरेखा म्हणाली, ती हसते हाय, ते बगा आधी.

मग मात्र आम्ही काही कमी ठेवलं नाही. शनिवारी अंगणात चार बांबू रोवले, वर निळी ताडपत्री, कडेने आंब्याची पानं. राजेशने उंबराची फांदी आणली. विहिणीने, म्हणजे सुरेखाने, आमच्याकडून काही साडी-चोळी आली नाही म्हणून दोन टोमणे मारले. मीही नवरी काळी आहे असं ऐकवलं. गल्लीतल्या बायका पावसाची उघडीप बघून आल्या. कुणी खरंच आल्या, कुणी सुरेखा सासूला आता काय काय करायला लावते ते बघायला आल्या. रविवार नसूनही नम्रता आली. मांडवाबाहेर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, आईचा खेळ मांडलाय यांनी. मांडवात पाटावर गौराबाई, पुढे उंबराची फांदी, फांदीशेजारी नवरा-नवरी. दोघी सवाष्णी हळद दळायला बसल्या. जातं फिरायला लागलं.

गौराबाई बघत राहिली. ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. विनिता तिच्या डाव्या हाताला हळू थोपटत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हळद दळून झाली आणि जातं थांबलं. सुरेखा खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी वाटीत बोटं बुडवली आणि अस्वलाच्या गालाला हळद फासली.

मी हे मुद्दाम केलं असं मी नंतर सगळीकडे सांगितलं. खरं म्हणजे उंबराची पूजा राहिली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तीस वर्षं लग्नांना गेलो ते जेवायच्या वेळेला.

गौराबाईचा डावा हात उठला. मेल्या, ती म्हणाली, आणि या वेळी तो खास मला होता. मग तिने काठी माझ्या हातावर टेकवून वाटी खाली ठेवायला लावली, फांदीकडे तोंड केलं, आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला:

उंबराची फांदी गं आली मांडवादारी,
पयला मान तिला, मंग सजली नवरी.

एकही शब्द अडला नाही. पुढे देव आले, कडावचे, कर्जतचे, डोंगरावरचे. गेलेली माणसं आली. चिमाबाई आली, माझा भाऊ आला. नावांच्या जागेवर नावं बरोबर बसत गेली. राजेश टेंपोला पाठ लावून उभा होता तो खाली बसला. विनिता मोबाइलवर हे टिपत होती, पण लक्ष सगळं गौराबाईकडे, त्यामुळे पुढे त्यात ताडपत्रीच जास्त दिसली. नम्रताच्या मांडीवरची बाटली गडगडत माझ्या पायाशी आली.

धवला संपला. विनिताने विचारलं, आजी, तुमचं नाव काय? गौराबाई तोंड उघडून थांबली. शोधलं, शोधलं. मेल्या, ती म्हणाली आणि रडायला लागली.

आमचेही चेहरे पडले. विनिताचा मात्र पडला नाही. ती म्हणाली, वाट उघडी आहे एवढं आज कळलं. आता त्या वाटेने एकेक शब्द न्यायचा. दुसऱ्या दिवसापासून मांडवात शाळा भरली. विनिता धवल्याच्या चालीवर दोन शब्द म्हणायची, गौराबाईचा डावा हात मांडीवर टप टप पडायचा आणि मागोमाग तेच शब्द. पाणी दे गं. भात वाढ गं. धवलारणीला रिकाम्या जागेत नावं बसवायची सवय जन्माची. तिने नावाच्या जागी पाणी बसवलं, औषध बसवलं. विनिता नसेल तेव्हा हे काम सुरेखा करायची. सकाळ-संध्याकाळ दोघी मांडवात समोरासमोर. ज्या दोघी सरळ बोलल्या की भांडायच्या, त्या आता एकमेकींशी गाऊन बोलत होत्या. गाऊन भांडण नीट करता येत नाही हे तेव्हा मला कळलं.

अडचण एकच. लग्न लागलं की मांडव उतरवायचा, आणि मांडव उतरला की धवला बंद. मग सुरेखाने लग्न लावलंच नाही. नवरा-नवरी हळदीतच ठेवली. गणपती आले नि गेले, पितृपक्ष झाला, पावसाने नवरदेवाला दोनदा भिजवला आणि त्याचा एक कानही गेला, पण हळद काही उतरेना. मी वरबाप म्हणून निषेध नोंदवला. विहिणीने लक्ष दिलं नाही.

नवरात्रातला एक रविवार. नम्रता आलेली, डबा आणि बाटली घेऊन. मांडवात गल्लीतल्या दोघी-तिघी, मी, राजेश. नम्रताने आईच्या कपड्यांची बॅग भरायला काढली. दिवाळीला घेऊनच जाते, म्हणाली, इकडे ठेवायचं माझ्या मनाला पटत नाही. सुरेखा कपड्यांच्या घड्या घालून देत होती. एकेक लुगडं सरळ करून. ते बघून मला माझ्या दात घासण्याची लाज वाटली.

गौराबाईने हात मांडीवर मारायला सुरुवात केली. टप, टप. कोणी लक्ष दिलं नाही. मग तिने काठी बांबूवर आपटली आणि चाल धरली. शब्द एकेक करून, मध्ये मोठी मोकळी जागा सोडून येत होते.

"नम्रते गं... आयीक गं... पिशवी आन."

नम्रताने खुंटीवरची निळी पिशवी आणून दिली. गौराबाईने ती सुरेखाकडे ढकलली. सुरेखाने सवयीने ती कपाळाला लावली. गौराबाईने काठी उगारली.

"सोड गं... गाठ सोड."

सुरेखाने घाबरत गाठ सोडली. सुपाऱ्यांखाली, तांदळाखाली, हळदीच्या डब्याच्या मागे पिवळ्या गोळ्याच गोळ्या. रोज सकाळी हातावर ठेवलेल्या. सुरेखा पाठ वळवायची तोवर पदरात गेलेल्या. अख्ख्या लग्नसराईच्या.

"गोली... खाल्ली नाय. मांडवात... उठाया लागतं." टप, टप. "पाच तास... कोन बसल? गोली... मी टाकली. सुरेखा नाय गं. सुरेखा नाय."

ती गोळी घेतली की घडीघडी मोरीत जावं लागे. पाच तास पाटावरून उठायचं नाही, मध्येच उठली तर धवला तुटतो. म्हणून बाईने गोळीच सोडली, आणि कोणाला कळू नये म्हणून ती अशा ठिकाणी ठेवली जिथे कोणी हात घालणार नाही. तीन महिने ती हेच सांगायला धडपडत होती आणि तीन महिने आम्ही पिशवी पुजत होतो.

गौराबाईचं संपलं नव्हतं. धवल्यात घरच्यांनंतर पाहुण्यांचा मान असतो. ती माझ्याकडे वळली. किशोरभावजी, तिने चालीत माझं पूर्ण नाव घेतलं, बरीच मोठी जागा सोडली, आणि मग तिथे तिचा जुना शब्द बसवला. गल्लीतल्या बायका हसल्या. मी मान डोलावली. ती नेमकी कशाबद्दल बोलते आहे ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

नम्रताने बॅगेतून लुगडी परत बाहेर काढली. जराशाने म्हणाली, "वयनी, मला घोटभर पानी दे." सुरेखा आत गेली. तिला तांब्या भरून आणायला फार वेळ लागला. आली तेव्हा डोळे लाल होते, पण चालणं असं होतं की डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतलाय. मी माझा अपराध त्याच दिवशी स्टँडवर जाऊन सांगून टाकला. गोळ्यांची गोष्ट चहा-साखरेच्या गोष्टीइतकी जोरात पळाली नाही, पण मी तिच्या मागे लागून तिला खालापूरपर्यंत नेलीच.

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी अस्वलाचंही लावलं. विनिता शेलूहून अहेर घेऊन आली, अस्वलासाठी बटणाचा डोळा. गौराबाईने सगळे धवले म्हटले, मध्ये दोनदा सुरेखाचा हात धरून मोरीत जाऊन आली, आणि धवला तुटला असं कोणी म्हटलं नाही. संध्याकाळी राजेशने बांबू उपटले.

खरी भीती त्यानंतरची होती. मांडव गेला, आता काय? गौराबाई ओटीवर बसून मोकळ्या अंगणाकडे बघत राहिली. मी हाक मारली, तिने मान हलवली. राजेश काहीतरी विचारून आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. दुसरा दिवस उजाडला तरी घरात शब्द नव्हता. सकाळी सुरेखाने नेहमीसारखा चहा पुढे ठेवला. मी माझ्या ओट्यावर दात घासत होतो.

गौराबाईने घोट घेतला. डावं बोट मांडीवर एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटता आपटता थांबलं. चाल नव्हती, सूर नव्हता, नुसतं बोलणं होतं, जरा अडखळत.

"सुरेखा. साखर कमी हाय."

"कमी नाय, नायच घातली," सुरेखा म्हणाली. "गोली घे आधी. माज्यासमोर."

गौराबाईने गोळी घेतली, तोंड उघडून सुरेखाला दाखवली. मी तोंड न धुताच स्टँडवर गेलो. ही बातमी कडावातून बाहेर नेणारा पहिला माणूस मी होतो, याबद्दल कोणाचं दुमत असेल तर त्याने येऊन सांगावं.